मोजणीला पदवी कशाला?

पत्राचा गोषवारा : पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावातून २१ वर्षांची वाचक लिहिते. सिव्हिलचा डिप्लोमा करून ती पदवीच्या थेट दुसऱ्या वर्षाला गेली, आता तिसऱ्या वर्षाला आहे. बाबा भूमी अभिलेख खात्यात भूकरमापक, निवृत्तीला दोन वर्षं उरली आहेत. तिला जिओमॅटिक्समध्ये (जमिनीची मापं, नकाशे आणि त्यांचे हिशेब यांचं शास्त्र) एम.टेक. करायचं आहे. बाबा म्हणतात, “मोजणीला पदवी लागत नाही, नजर लागते. भूकरमापकाची जाहिरात येईल, ती परीक्षा दे.” काकांच्या मते ड्रोन आणि रोव्हर (उपग्रहांवरून जागा सांगणारं हातातलं यंत्र) आल्यावर मोजणारा माणूस आता उरणारच नाही. एक मैत्रीण तीन महिन्यांचा जीआयएसचा (संगणकावरच्या नकाशांचा) क्लास करून पुण्यात नोकरीला लागली. आईला मुलगी उन्हातान्हात रानोमाळ फिरेल याची काळजी. तिची स्वतःची भीती मात्र निराळी आहे. एम-थ्रीला (गणिताचा तिसरा पेपर) केटी लागली आहे, म्हणजे तो विषय राहिला आहे, आणि सर्व्हे कॅम्पमध्ये तिच्या गटाचा ट्रॅव्हर्स, म्हणजे ठाण्या-ठाण्याने मोजत पुन्हा पहिल्या ठाण्यावर येणारी बंद आकृती, जुळला नाही. सहा ठाणी, परिमिती ५४० मीटर, २० सेकंदांपर्यंत (सेकंद म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग) कोन वाचणारा थिओडोलाइट, ३० मीटरची टेप. कोनांच्या बेरजेत ३५ सेकंदांचा फरक होता, पण गेल्स टेबलमध्ये (ट्रॅव्हर्सच्या हिशेबाचा तक्ता) डिपार्चरची (पूर्व-पश्चिम सरक) बेरीज +०.९८ मीटर आणि लॅटिट्यूडची (उत्तर-दक्षिण सरक) −०.२८ मीटर आली; दोन्ही शून्य यायला हव्या होत्या. सबमिशनच्या आदल्या रात्री गटाने रीडिंग जुळवून लिहिली. “जिला सहा ठाण्यांचा ट्रॅव्हर्स जुळवता येत नाही तिने या विषयात एम.टेक.ची स्वप्नं बघावीत का?” असं ती विचारते.

उत्तर :

तुझ्या पत्रातला सगळ्यात मोलाचा भाग तू शेवटी, लाजत लिहिला आहेस. सुरुवात तिथूनच करू, कारण ते आकडे जपून ठेवलेस आणि जसेच्या तसे मला कळवलेस. खोटं लिहून विसरून गेलेली मुलगी हे करत नाही.

आधी कोन बघ. २० सेकंदांच्या यंत्राने सहा ठाण्यांवर कोन घेतले, तर चालण्याजोगा फरक २० गुणिले सहाचं वर्गमूळ, म्हणजे साधारण ४९ सेकंद. तुमचा ३५ आला. कोन चांगले घेतले होते. सेंटरिंग करणाऱ्याचं (यंत्र खुंटीच्या नेमकं वर बसवणाऱ्याचं) आणि कोन वाचणाऱ्याचं काम चोख होतं, हे आधी मनात नोंदव.

आता अंतरं. +०.९८ आणि −०.२८ यांचा क्लोजिंग एरर, म्हणजे न जुळलेल्या दोन टोकांतलं अंतर, येतो १.०२ मीटर. ५४० मीटरला १.०२ म्हणजे ५३० ला १ सुद्धा नाही, खूपच वाईट. पण हा आकडा नीट न्याहाळ. टेप थोडी सैल धरली, चढावर आडवी राहिली नाही, अशा किरकोळ चुका साठून बरोबर एक मीटर होत नाही. एक मीटर आणि वर दोन सेंटिमीटर, हे एखाद्या ठिकाणी ८७ च्या जागी ८८ वाचल्याचं लक्षण आहे. ती जागा कोणती, हेही तुझ्याच आकड्यांत दडलेलं आहे. एररची दिशा काढ : पूर्वेकडून दक्षिणेला साधारण १६ अंश, म्हणजे बेअरिंग (उत्तरेपासून घड्याळाच्या दिशेने मोजलेला कोन) १०६ अंशांच्या आसपास. तुमच्या सहा रेषांपैकी १०६ किंवा २८६ अंशांच्या जवळपास कोणती जाते ते बघ. १०६ ची असेल तर ती एक मीटर जास्त लिहिली गेली आहे. २८६ ची असेल तर एक मीटर कमी. कोन बरोबर आणि एकच अंतर चुकलेलं असेल तर बहुभुजाकृती त्या रेषेच्याच दिशेने उघडी पडते, म्हणून ही युक्ती चालते. उलट एखादा कोन मोठ्या प्रमाणात चुकला असता तर त्या ठाण्यापुढची सगळी आकृती त्याच ठाण्याभोवती फिरली असती. मग न जुळलेली दोन टोकं जोडून त्या रेषेचा लंबदुभाजक काढायचा. तो ज्या ठाण्याजवळून जातो त्याच्यावर संशय घ्यायचा.

म्हणजे तुमचा ट्रॅव्हर्स बिघडलेला नव्हताच. त्यातली एक टेप चुकीची वाचली होती आणि ती शोधायला दुपारचा एक तास पुरला असता. हे तुम्हाला कुणी शिकवलं नाही, कारण कॅम्पमध्ये सगळं लक्ष एरर मर्यादेत बसवण्याकडे असतं. बाउडिचने (चूक सगळ्या रेषांवर लांबीच्या प्रमाणात वाटायची पद्धत) वाटून टाकलं असतं तरी काय झालं असतं बघ : दर १०० मीटरला जवळपास १९ सेंटिमीटरची दुरुस्ती सगळ्या रेषांवर बसली असती. पाच चांगल्या रेषा एका वाईट रेषेपायी बिघडल्या असत्या आणि कागदावर सगळं शून्याला शून्य दिसलं असतं. बाउडिच किरकोळ चुका वाटण्यासाठी आहे. ढोबळ चूक वाटून टाकली की ती सापडण्याची वाटच बंद होते.

इथेच आणखी एक गोष्ट समजून घे. समज, तुमची टेप कडीपाशी दुरुस्त केलेली होती आणि ३० मीटरला तीन सेंटिमीटर लांब होती. ५४० मीटरच्या परिमितीत १८ टेपा, म्हणजे एकूण ५४ सेंटिमीटरची चूक. तरीही ट्रॅव्हर्स छान जुळला असता! कारण सगळ्या बाजू एकाच प्रमाणात आखूड मोजल्या गेल्या, आकृती लहान झाली पण बंद राहिली. क्षेत्रफळ मात्र ०.२ टक्क्याने चुकलं असतं. टोटल स्टेशनवर (कोन आणि अंतर दोन्ही मोजणारं यंत्र) प्रिझम कॉन्स्टंट, म्हणजे समोरच्या प्रिझमसाठीची ठरावीक दुरुस्ती, चुकीचा ठेवला तर असंच काहीसं होतं : दर रेषेला ३० मिलिमीटर, आणि बाजू साधारण सारख्या असतील तर क्लोजिंग एररमध्ये त्याचा मागमूस नाही. न जुळलेलं काम तुला निदान सावध तरी करतं. जुळलेल्या कामावर कधी आणि किती विश्वास ठेवायचा, हा प्रश्न जास्त अवघड आहे, आणि जिओमॅटिक्सची चांगली पदवी मुख्यतः त्याच प्रश्नावर उभी असते.

आता काकांच्या बोलण्याकडे येऊ. रोव्हर हातात धरून बटण दाबायला पदवी लागत नाही, हे खरंच आहे. चार दिवसांत कुणालाही येतं. पण त्या डबीवर उंची दिसते ती कशापासूनची? रोव्हर उपग्रहांवरून मोजतो ती लंबगोलापासूनची, म्हणजे पृथ्वीसाठी हिशेबात धरलेल्या गुळगुळीत आकारापासूनची उंची. समुद्रसपाटी त्या लंबगोलाशी जुळत नाही. आपल्या भागात ती त्याच्या साठ-सत्तर मीटर खाली आहे. जिऑइड मॉडेल, म्हणजे हा फरक ठिकाणागणिक सांगणारा तक्ता, न घालता कोकणातल्या एखाद्या पुळणीवर उभी राहिलीस तर उंची उणे साठ-सत्तर दिसेल आणि यंत्रात काहीही बिघाड नसेल. धरणाच्या कालव्याचं काम करणाऱ्याने हा फरक सगळीकडे सारखाच धरला तर पाणी चढावर न्यायची वेळ येते, कारण हा फरक गावागणिक बदलतो.

दुसरं, नकाशावरचं अंतर. यूटीएम या नकाशाच्या पद्धतीत (पृथ्वीचे उभे पट्टे पाडून प्रत्येकाचा सपाट नकाशा) महाराष्ट्राचा बराचसा भाग ४३ व्या पट्ट्यात येतो, मध्यरेखा ७५ अंश पूर्व. या रेषेजवळ प्रमाण मुद्दाम ०.९९९६ ठेवलेलं असतं, म्हणजे एक किलोमीटरला ४० सेंटिमीटर कमी. छत्रपती संभाजीनगर या रेषेपासून फार लांब नाही, आणि समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या वर आहे. उंचीमुळे आणखी थोडी घट लागते. दोन्ही धरून तिथे जमिनीवरचं १० किलोमीटर अंतर ग्रिडवर, म्हणजे नकाशाच्या चौकटीत, सुमारे साडेचार मीटरने कमी भरतं. डिझाइन ग्रिडवर आणि आखणी टेपने केली तर पूल एकीकडे आणि रस्ता दुसरीकडे, असा घोळ होतो. अमरावतीहून नागपूरला जाताना ७८ अंशांची रेषा ओलांडली की पट्टाच बदलतो, ४३ चा ४४ होतो, आणि एकाच रस्त्याची दोन टोकं दोन वेगळ्या आकड्यांच्या दुनियेत जातात. डबी हे तुला सांगत नाही. ती मागितलेल्या पद्धतीत आकडा देते आणि गप्प बसते.

ड्रोनचंही तसंच. १०० मीटरवरून साध्या चांगल्या कॅमेऱ्याने उडवलं तर एक पिक्सेल जमिनीवर पावणेतीन सेंटिमीटरच्या आसपास पडतो. म्हणून लोक समजतात की अचूकताही तेवढीच. पण कंट्रोल पॉइंट (जागा आधीच अचूक मोजलेले बिंदू) फक्त कडेला ठेवले आणि मधे एकही ठेवला नाही, तर लेन्सच्या दोषामुळे सगळं मॉडेल मधे फुगतं किंवा खचतं, घुमटासारखं. फोटो सुंदर असतात, उंच्या चुकलेल्या असतात. म्हणून काही बिंदू हिशेबात न घेता फक्त तपासणीसाठी राखून ठेवायचे असतात, आणि घाईत नेमके तेच गाळले जातात. शिवाय ड्रोनला वरून पत्र्याची पाख दिसते, खालची भिंत दिसत नाही. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत गावठाणांवर ड्रोन उडवण्याआधी लोकांना बोलावून हद्दींवर चुना आखावा लागतो आणि नंतर नकाशा घेऊन पुन्हा घरोघर पडताळणी करावी लागते, ते याचसाठी. माणसाचं काम गेलं नाही. ते उड्डाणाच्या आधी आणि नंतर सरकलं.

बाबांच्या म्हणण्यावर मात्र मला जास्त वेळ द्यायचा आहे, कारण त्यात तथ्य आहे.

हद्द कायम मोजणीला (जुनी हद्द जागेवर पुन्हा ठरवायला) रोव्हर दोन सेंटिमीटरपर्यंत बिंदू देतो असं धरू. पण तो बिंदू ज्या नकाशाशी ताडायचा, तो गाव नकाशा १:५००० चा असेल तर पाव मिलिमीटर जाडीची रेघ जमिनीवर सव्वा मीटर रुंद असते. शंभर मीटर लांबीच्या बांधावर सव्वा मीटर म्हणजे सव्वा गुंठा. त्यात कागद आकसलेला, घडीवर फाटलेला, प्रत काढताना आणखी ताणलेला. अशा वेळी दोन सेंटिमीटरचं यंत्र भांडण मिटवत नाही. तिथे लागतं ते मूळ टिपण काढून बघणं, फाळणी आणि गट बुकातली (जुन्या मोजणीची दप्तरं) मापं पडताळणं, जुन्या साखळी-आण्यांची मापं मीटरमध्ये आणणं, बुजलेला हद्दीचा दगड कुठे असेल याचा अंदाज घेऊन तिथे खणायला लावणं, आणि शेजारच्या चार गटांच्या वहिवाटीशी सगळं जुळतंय का ते पाहणं. बाबा ‘नजर’ म्हणतात ती हीच. ही कुठल्याही आयआयटीत शिकवत नाहीत, आणि ती दोन वर्षांनी तुझ्या घरात पूर्ण वेळ मोकळी होणार आहे.

फक्त ‘नजर की पदवी’ अशी निवड तुझ्यासमोर मांडली गेली आहे, तिच्याशी मी सहमत नाही. बाबा जे अनुभवाने करतात त्यालाच पदवीत नाव आणि हिशेब आहे. कुठल्या मापाला किती वजन द्यायचं? जुन्या साखळीचं माप, नव्या रोव्हरचा बिंदू आणि जागेवर सापडलेला दगड, तिन्ही वेगळं बोलत असतील तर? लीस्ट स्क्वेअर्समध्ये (जास्तीच्या मापांतून सर्वांत जुळणारं उत्तर काढायची रीत) ‘वेट’ म्हणून जे घालायचं असतं ते हेच. बाबांसोबत बसून एका जुन्या, निकाली निघालेल्या प्रकरणाची मापं या पद्धतीने मांडून बघ. त्यांना त्यांचं काम नव्याने दिसेल, तुला तुझा अभ्यास.

यावरून तुझ्या गणिताच्या भीतीकडे. एम-थ्रीत लाप्लास आणि फूरियर असतात. केटी कशामुळे लागली ते तू लिहिलं नाहीस. जिओमॅटिक्सला रोज लागणारं गणित थोडं वेगळं आहे : मॅट्रिक्स, आंशिक डेरिव्हेटिव्ह, संभाव्यता आणि गोलीय त्रिकोणमिती. ते तुला झेपेल का, याचा अंदाज घेण्यासाठी एक प्रयोग सांगते. दोन संध्याकाळी पुरतील.

चार खुंट्या घे, अ, ब, क, ड. प्रत्येक जोडीमधला उंचीचा फरक लेव्हलने मोजला असं धर. जोड्या सहा होतात. ‘अ’ची उंची माहीत, म्हणजे शोधायच्या उंच्या तीन आणि निरीक्षणं सहा. आधी स्वतःच चार उंच्या ठरव आणि त्यावरून सहा अचूक फरक काढ. मग त्यातल्या एकात मुद्दाम १० मिलिमीटर मिळव, आणि लीस्ट स्क्वेअर्सने उंच्या काढ. सगळ्यांना सारखं वजन दे. नॉर्मल मॅट्रिक्स तीन बाय तीनचं येईल : कर्णावर ३, बाकी सगळीकडे उणे १. त्याचं इन्व्हर्स हातानेही निघतं : कर्णावर अर्धा, बाकी पाव. एक्सेलमध्ये तर एका सूत्राचं काम आहे. मग रेसिड्यूअल, म्हणजे मोजलेलं आणि हिशेबाने आलेलं यांतला फरक, काढ. दहाची चूक घातलेल्या निरीक्षणाच्या वाट्याला फक्त पाच येतील. त्याच्या टोकांना लागून असलेल्या चार निरीक्षणांना प्रत्येकी अडीच, आणि त्याला कुठेच न टेकणाऱ्या समोरच्या निरीक्षणाला शून्य.

हे आकडे स्वतःच्या हाताने आले की थोडा वेळ त्यांच्याकडे बघत राहा. एका माणसाची चूक निष्पाप शेजाऱ्यांवर कशी सांडते आणि चूक करणाऱ्याचा रेसिड्यूअल खऱ्या चुकीच्या निम्मा कसा दिसतो, हे त्यात आहे. आता एकेक जोडी काढून टाक (चूक घातलेली जोडी ठेव, आणि कुठलीही खुंटी सुटी पडू देऊ नकोस) आणि पुन्हा सोडव. निरीक्षणं तीनच उरली की रेसिड्यूअल सगळे शून्य. चूक तशीच्या तशी उंचीत बसलेली आणि कुणालाही न दिसणारी. मोजताना ‘एवढी जास्तीची मापं कशाला’ असं जे विचारतात, त्यांना द्यायचं उत्तर हे आहे. हा प्रयोग करताना तुला कंटाळा आला, नुसतं कधी संपतंय असं झालं, तर एम.टेक.चा विचार पुन्हा कर. पण रात्री साडेअकराला ‘मग दोन चुका घातल्या तर?’ असा प्रश्न पडला, तर केटी सुटेल आणि पुढचंही जमेल.

मैत्रिणीच्या वाटेबद्दल थोडक्यात. तीन महिन्यांच्या क्लासने नोकरी लागते हे खरं आहे, आणि घरची गरज असेल तर त्यात कमीपणा नाही. पण तशा बऱ्याच नोकऱ्यांत दिवसभर उपग्रहचित्रावर रस्ते आणि घरं गिरवायची असतात, आणि हेच काम यंत्राकडे सर्वांत वेगाने चाललं आहे. सॉफ्टवेअर तू एम.टेक.च्या पहिल्या सेमिस्टरमध्येही शिकशील; क्यूजीआयएस हे नकाशांचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, आजही लावता येईल.

आता व्यवहार. गेटमध्ये (एम.टेक.ची प्रवेश परीक्षा) २०२२ पासून जिओमॅटिक्स इंजिनिअरिंगचा स्वतंत्र पेपर आहे. त्यात गणित, रिमोट सेन्सिंग (उपग्रहचित्रांचा अभ्यास), जीएनएसएस (उपग्रहांवरून जागा ठरवणं) आणि जीआयएस सगळ्यांना सामाईक. पुढे सर्व्हेइंग-मॅपिंग किंवा इमेज प्रोसेसिंग यांतला एक भाग निवडायचा. तुझ्या सिव्हिलच्या पायावर पहिला भाग सोयीचा. तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांनाही गेट देता येते आणि गुण तीन वर्षं चालतात, म्हणून फॉर्मची मुदत साधत असेल तर याच वर्षी एकदा बसून घे. अर्ज साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये निघतात, परीक्षा फेब्रुवारीत. पात्र ठरून सरकारी संस्थेत एम.टेक.ला प्रवेश मिळाला तर महिन्याला १२,४०० रुपये विद्यावेतन असतं. बाबांच्या निवृत्तीचा विचार करताना हा आकडा हिशेबात धर.

संस्था निवडताना नावावर जाऊ नकोस. एका ठिकाणी जिओमॅटिक्स, दुसरीकडे जिओइन्फॉर्मेटिक्स, तिसरीकडे रिमोट सेन्सिंग असं लिहिलेलं असतं. आयआयटी रुरकी, कानपूर आणि मुंबई, डेहराडूनची भारतीय सुदूर संवेदन संस्था, चेन्नईचं गिंडी अभियांत्रिकी महाविद्यालय, अशी ठिकाणं आहेत (गिंडीची सुरुवातच १७९४ मध्ये सर्व्हे शाळा म्हणून झाली). प्रत्येकाचा कल वेगळा आहे : कुठे जमिनीवरच्या मापांवर भर, कुठे उपग्रहचित्रांवर. अभ्यासक्रम उतरवून घे आणि तीन गोष्टी शोध. अ‍ॅडजस्टमेंट कॉम्प्युटेशन (मापांतल्या चुका लीस्ट स्क्वेअर्सने जुळवणं) नावाचा किंवा त्या अर्थाचा पूर्ण विषय आहे का, जिओडेसी (पृथ्वीच्या आकाराचं शास्त्र) स्वतंत्र आहे का, आणि फील्ड कॅम्प किती दिवसांचा आहे. मग तिथे शिकणाऱ्या एखाद्या विद्यार्थ्याला विचार की जीएनएसएसचा स्टॅटिक डेटा (एका जागी थांबून घेतलेली मापं) तुम्ही स्वतः प्रोसेस करता का, आणि एका रिसीव्हरमागे किती जण असतात. “सर करून दाखवतात” असं उत्तर आलं तर समजून जा. तिन्ही नसतील तर तो भारी नावाचा सॉफ्टवेअर क्लासच आहे, दोन वर्षांचा.

भूकरमापकाच्या परीक्षेचं काय? जाहिरात आली तर जरूर दे. तुझ्याकडे सिव्हिलचा डिप्लोमा आहे, आणि अलीकडच्या जाहिरातींत तो किंवा आयटीआयचा सर्वेक्षक ट्रेड ही शैक्षणिक पात्रता आली आहे. तरी पात्रतेची ओळ दर वेळी शब्दशः वाच. त्या परीक्षेत मराठी, इंग्रजी, सामान्य ज्ञान आणि अंकगणित-बुद्धिमत्ता असते, म्हणजे गेटच्या तयारीशी तिचा फारसा संबंध नाही. दोन्हींचा अभ्यास एकाच वेळी केला तर दोन्ही अर्धवट राहतील. गेट होईपर्यंत गेट, मग जाहिरात येईल तेव्हा तीन महिने ती परीक्षा, असा क्रम ठेव. वयाची घाई नाही. राज्य सेवेत खुल्या गटाला ३८ वर्षांपर्यंत मुभा आहे. बाबांच्या बाजूने एवढं नक्की म्हणता येईल की भरती नेमाने निघत नाही आणि एक संधी गेली की पुढची कधी, ते कुणी सांगू शकत नाही. म्हणून निवृत्तीनंतर घर तुझ्या पगारावर चालणार आहे का, हा प्रश्न बाबांना स्पष्ट विचार. उत्तर ‘हो’ असेल तर आधी नोकरी आणि मग, रजेचे नियम बघून, पदवी. ‘नाही’ असेल तर माझा कल एम.टेक.कडे आहे. खात्यातही आता काम रोव्हरवर आणि कॉर्स केंद्रांच्या (रोव्हरला दुरुस्ती पुरवणारी कायमची केंद्रं) आधारे होतं, आणि त्या आकड्यांमागचं समजणारी माणसं तिथेही हवीच आहेत.

परदेशाबद्दल तू विचारलं नाहीस, पण इतर वाचक विचारतात म्हणून दोन ओळी. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडमध्ये हद्दीचं काम करायला मान्यताप्राप्त पदवीनंतर देखरेखीखाली अनुभव आणि मग परवाना लागतो. जमिनीचा कायदा देशागणिक बदलतो, म्हणून इथल्या एम.टेक.वर तो परवाना आपोआप मिळत नाही. खाण, बांधकाम आणि मॅपिंगच्या कामात तेवढी अडचण येत नाही.

आईची काळजी मला समजते. तिला कामाचा खरा दिवस सांग. मोजणी सकाळी लवकर सुरू करून अकराच्या आत संपवण्यात शहाणपण असतं, कारण उन्हं चढली की जमिनीलगतची हवा थरथरते आणि दूरवरच्या स्टाफवरचा (मोजपट्टीच्या काठीवरचा) आकडा दुर्बिणीत नाचायला लागतो. उरलेला दिवस हिशेबाचा. जंगलात किंवा घाटात एकटीने जायची वेळ येऊ नये, आणि हे नोकरी घेतानाच ठरवून घ्यावं : सोबत किती माणसं, गाडी कुणाची, मुक्काम कुठे. हे प्रश्न मुलांनीही विचारायला हवेत.

शेवटी तुमच्या जुळवलेल्या फील्ड बुकाचं. तू ते विसरू शकत नाहीस, आणि ते बरंच आहे. भूकरमापकाची वही पुढे कोर्टात जाते; तिच्यात खोडरबर चालत नाही. चुकलेला आकडा एका रेघेने छाटायचा, तो वाचता आला पाहिजे, वर बरोबर आकडा आणि सही. कॅम्पच्या खुंट्या अजून जागेवर असतील तर या रविवारी गटातल्या एकीला सोबत घे. लॅबमधून टेप काढ, आधी ती एखाद्या न वापरलेल्या टेपशी लावून बघ. मग १०६ किंवा २८६ अंशांची ती एकच रेषा दोन्ही बाजूंनी मोज, दोन वेगळ्या माणसांनी वाचून. कोऱ्या पानावर तारीख घाल, ‘पुन्हा मोजले’ असं लिही, मूळ खरी रीडिंग त्याखाली उतरव, आणि नवा क्लोजिंग एरर काढ. दोन-पाच सेंटिमीटरच्या आसपास आला तर ते पान घेऊन सरांकडे जा आणि काय झालं होतं ते सांग. गुण कापले जातील कदाचित. नाही आला, तर दुसरी रेषा मोज, आणि आकडे मला पुन्हा लिहून पाठव.